हिल्डाची चाल

सिरिल ऑर्मरॉड सिनेमात आला तो चाळिशी उलटल्यावर. तोवर समुद्रकाठच्या गावांतल्या नाटकमंडळ्यांत तोंडाला पीठ फासून घेण्यातच त्याचा जन्म गेला होता. मग लंडनच्या एका कंपनीने इस्पितळातल्या गोंधळावर विनोदी सिनेमा काढायला घेतला. त्यात खाष्ट मुख्य नर्सच्या भूमिकेसाठी त्यांना बाईच्या वेषात हशा उठवील असा धिप्पाड पुरुष हवा होता.

तालमीत मात्र हशा येईना. बेडपॅनवरून घसरून झालं, स्ट्रेचरसकट जिन्यावरून गडगडून झालं, तरी दिग्दर्शक आपला जांभयाच देतोय. घाम फुटलेला सिरिल मग एका अंगाला झुकला, दुसरा पाय अर्धगोल फिरवून पुढे आणला आणि प्रत्येक पावलाला नाकातून ‘फुस्स’ केलं. सेटवरची माणसं पोट धरून खाली बसली.

"कुठून आणलीस रे ही चाल?" डोळे पुसत दिग्दर्शकाने विचारलं.

"सुचली अशीच," सिरिल म्हणाला.

सुचली कसली! चाल त्याच्या थोरल्या बहिणीची होती. हिल्डा लँकेशायरमधल्या त्यांच्या गिरणगावात, इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डाची प्रमुख होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. युद्धात गावावर बॉम्ब पडत असताना ती रुग्णांना तळघरात उतरवत होती, तेव्हा जिना कोसळून तिच्या नडगीचा चुरा झाला. पाऊल टाकताना कळ यायची, ती हिल्डा नाकातून सोडून द्यायची. तो आवाज कुणाला ऐकू येत नाही अशी तिची समजूत होती.

सिनेमा धो धो चालला. गावच्या थिएटरात लागला तेव्हा वॉर्डातल्या नर्स पोरींनी सिस्टरला हौसेने ओढून नेलं. सिरिलही गावी आला होता, त्याला तिच्या शेजारी बसवलं. पडद्यावर तो टोपी सावरत आला, पाय फिरवला, फुस्स केलं आणि थिएटर दणाणलं. पोरीही खिदळल्या. मग त्यांच्यातल्या एकीने झटकन तोंडावर हात धरला. दुसरीने मान खाली घातली. बघता बघता ती अख्खी रांग गप्प झाली आणि मागचे लोक मात्र हसतच राहिले. हिल्डाकडे बघायचा सिरिलला धीर झाला नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "छान काम केलंस. आईला आवडलं असतं." आणि बस पकडून निघून गेली.

सिरिलचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो फुलं घेऊन वॉर्डाच्या दाराशी पोचला आणि तिथेच थबकला. सिनेमाची गोष्ट वॉर्डापर्यंत पोचली होती; खाटांवरून दबकं ‘फुस्स, फुस्स’ चाललं होतं. हर्नियाचं ऑपरेशन झालेला टॅटरसॉल नावाचा गिरणीकामगार उशीत तोंड खुपसून हसत होता. आणि हिल्डा सरळ चालत होती. खाटांच्या दांड्या धरत, पाय जराही न फिरवता, ओठ घट्ट मिटून. कपाळावर घाम होता.

टॅटरसॉलने सिरिलला ओळखलं. "अरे, हा बघा आला! करून दाखव ना ती चाल, राव!"

टाळ्या पडल्या. सिरिलचे कान तापले. "ती चाल माझी नाही," तो मोठ्याने म्हणाला. "हिची आहे." आणि त्याने बॉम्ब, जिना, नडगी सगळं सांगून टाकलं.

टॅटरसॉल चाचरत म्हणाला, "माफ करा, सिस्टर. आम्हाला काय माहीत? बसा ना जरा. अहो, कुणीतरी त्यांना खुर्ची द्या!"

आत्ता कुठे हिल्डाचा चेहरा लालभडक झाला. तिने सिरिलला बेडपॅन धुण्याच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"मला वाटलं, त्यांना कळायला हवं..."

"नुसते हसत राहिले असते तर मी त्यांना दटावलं असतं. चार दिवसांत विसरले असते. आता खुर्ची देताहेत मला. माझ्याच वॉर्डात!"

"हिल्डा, माझं चुकलं. माफ कर."

"हे काल म्हणायचं होतंस. बाहेर आलो तेव्हा, मला एकटीला." तिने नळ सोडला, हात धुतले. "पण तुला कायम बघायला माणसं लागतात."

हातातली फुलं कुठे ठेवावीत ते सिरिलला कळेना. शेवटी तिनेच ती घेऊन एका बरणीत खोचली.

तिची ड्युटी संपेपर्यंत तो फाटकाशी उभा राहिला. ती आली. ‘चल’ म्हणाली नाही, ‘जा’ही म्हणाली नाही. पाय फिरवत, नेहमीसारखी बसथांब्याकडे निघाली. सिरिल शेजारून चालू लागला. पण तिच्या पावलाशी पाऊल जुळलं की आपण पुन्हा नक्कल करतोय असं वाटे, आणि भरभर चाललं तर ती मागे पडे. तिच्या सोबतीने चालायचं कसं, हेच त्याला थांबा येईपर्यंत उमजलं नाही.