न्हाणीघरातली मोहरी

विजार गुडघ्यांवर दुमडून सुन-मोइ लाकडी टबात उभी राहून मोहरीचा पाला पायांनी तुडवत होती. तेवढ्यात तिचा नवरा आ-तिएन न्हाणीघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"उतर खाली. जपानच्या बाई आल्या."

"दुपारी येणार होत्या ना?"

"आता आल्या त्याला मी काय करू? आणि दार लावून घे. वास ओसरीपर्यंत येतोय."

ह्वालिएनच्या दगडाळ नदीकाठी जपानी वसाहतवाल्यांनी हे घर बांधलं होतं. महायुद्ध हरल्यावर त्यांना तैवान सोडावं लागलं आणि घर आ-तिएनच्या वडिलांकडे आलं. ते त्यांच्याच तंबाखूच्या शेतात मजूर होते. सरकती दारं, कौलं, सगळं आ-तिएनच्या फान कुटुंबानं जिवापाड जपलं. फक्त न्हाणीघरातला लाकडी टब त्यांच्या पचनी पडला नाही. एवढं मोठं, सुवासिक लाकूड, आणि त्यात नुसतं बसायचं? सुन-मोइच्या सासूनं पहिल्याच थंडीत त्यात मीठ लावून मोहरी भरली. तेव्हापासून दर थंडीत गावात सगळ्यांत चवदार लोणचं याच घरचं.

सुमिएबाई ओसरीच्या कडेला बसल्या होत्या. केस पांढरे, तळवा फळीवर टेकलेला. त्यांचा जन्म याच घरातला. आ-तिएनचं जपानी लहानपणी शाळेत शिकलेलं, गंजलेलं, म्हणून तो ते मोठ्यानं बोले.

"मला फक्त न्हाणी बघायची होती," बाई म्हणाल्या. "तिथल्या टबात आई मला शेजारी घेऊन बसायची. जपानला परत गेल्यावर आम्ही लोकांच्या माळ्यावर राहिलो. आई म्हणायची, घर राहू दे, तो टब तेवढा आणता आला असता तर. गेली तेव्हाही तेच बोलत होती."

आ-तिएनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो... वादळात गेला."

बाईंनी मान हलवली आणि हात फळीवरून मांडीवर घेतला.

"काय विचारतायत त्या?" सुन-मोइनं चहा ठेवत विचारलं. त्यानं आपल्या हक्का बोलीत सगळं सांगितलं, वादळासकट.

"त्या वादळात तुमची जीभ गेली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि बाईंचं मनगट धरून त्यांना सरळ आत घेऊन गेली.

टबाच्या कडा मिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. आत हिरवा पाला अर्धवट तुडवलेला. सुमिएबाई टबापाशी जाऊन आत वाकल्या.

"माफ करा," आ-तिएन पुटपुटला.

"बाबा म्हणायचे, रिकामा ठेवू नका, कोरडा पडला की फुटेल." सुमिएबाईंनी कडेवरून हात फिरवला. "तुम्ही रिकामा ठेवला नाहीत."

मग त्यांनी पर्स उघडली आणि नवा कोरा, घडी केलेला अंघोळीचा पंचा काढला. काय मनात धरून ही बाई समुद्र ओलांडून आली होती, ते सुन-मोइला भाषा न येताही कळलं. तिनं कोमट पाण्याचं घंगाळ आणलं, खाली बसून बाईंचे पाय स्वच्छ धुतले आणि चढायला हात दिला.

"सांगा त्यांना, कडेकडेनं नीट दाबा म्हणावं. मिठानं पाय घसरतो."

सुमिएबाई जपून दोन-चार पावलं चालल्या आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या. शेजारी एका माणसापुरती जागा त्यांनी आपसूक सोडली होती.

सुन-मोइनं विजार पुन्हा दुमडली आणि त्या जागेत जाऊन उभी राहिली.