आधी स्वतःची बाही

मी एक जुनी घंटी आहे. देवळातली नव्हे, हिरे घासायची. सुरतेकडे जात्याला घंटी म्हणतात आणि माझं रूपही तसंच आहे. मधोमध गरगर फिरणारी लोखंडी तबकडी आणि भोवती चार कारागीर. सध्या मी सुरतच्या वराछा भागातल्या एका कारखान्याच्या जिन्याखाली मोडक्या पंख्यांशेजारी पडले आहे. अंगाला गंज चढला आहे, पण डोकं अजून तापलेलंच आहे. तेव्हा मित्रांनो, गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझी घडण भावनगरची. ट्रकमधून इथे आले तेव्हा तबकडी आरशासारखी लखलखत होती. तेल आणि हिऱ्याची भुकटी चोपडून मला पहिल्यांदा फिरवलं ते नागजीभाई डोबरियांनी. ते तेव्हा वरच्या दालनाचे मॅनेजर. माणूस तोंडाचा महाफटकळ. तळहातावर तंबाखूचा मावा चोळत घंट्यांमधून फिरायचे आणि काम बिघडलं की बापजाद्यांचा उद्धार करायचे. पण ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच डब्यातला गाठिया दुपारी हक्काने उचलायचे, त्यामुळे राग कुणाच्या पोटात राहत नसे.

आमच्याकडे हिरा हरवला की एक रीत होती. राईएवढा दगड, चिमट्यातून निसटला की कुठे उडेल सांगता येत नाही. मग दार बंद, पंखे बंद, घंट्या बंद. जमीन झाडून धूळ चाळायची आणि प्रत्येकाने कपडे झटकायचे. पहिला शर्ट मात्र मॅनेजरचा. नागजीभाई भर दालनात सदरा काढून फडाफडा झटकायचे, खिसे उलटे करायचे आणि मग म्हणायचे, "चला, आता तुमचा नंबर." सगळे हसत झटकायचे. चोर हा शब्द त्या दालनात कुणी कधी ऐकला नव्हता.

पुढे नागजीभाईंची नजर अधू झाली आणि त्यांनी पलीकडच्या गल्लीत स्वतःच्या दोन घंट्या टाकल्या. शेठने त्यांच्या जागी आपला भाचा आणून बसवला, मितेश. कडक इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आता जणू जगाचं काम हाच उपसणार आहे. आल्या आल्या त्याने रेडिओ बंद केला. गप्पा बंद केल्या. माणसांना भाई म्हणणं सोडून जागेच्या आकड्याने हाका मारू लागला. मला तर तो पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर नको झाला होता. कारागीर तोंडावर हो म्हणत आणि पाठ वळली की त्याची नक्कल करत. वर काम मुद्दाम रेंगाळत. दालनात जो तो दात खाऊन बसलेला असे.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी माझ्यापाशी बसणारे मधुभाई वाघासिया यांच्या हातातला हिरा मितेशने मागून घेतला. उभ्या उभ्या चिमट्यात धरून भिंगातून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि चिमटा मधुभाईंसमोर आपटला. चिमट्यात हिरा नव्हताच.

दार बंद झालं. पंखे बंद झाले. धूळ चाळून झाली, काही मिळालं नाही. तेव्हा मितेश म्हणाला, "दगड तुझ्या जागेवरून गेलाय. शर्ट काढ."

"काढतो की," मधुभाई म्हणाले, "पण आधी तुमचा. इथली रीत आहे."

"चोरांच्या रांगेत मी उभा राहत नसतो."

झालं. निघाला तो शब्द. मित्रांनो, वराछात हिऱ्याच्या कारागिराकडे स्वतःचं असं फक्त नाव असतं. लाखाचा माल त्याच्या हातात देतात ते त्या नावावर. आणि गल्लीतले निम्मे लोक एकाच तालुक्यातले. इथे चोर म्हटलं की दिवस मावळायच्या आत गावच्या पारावर पोहोचतं. मग कुठलाही कारखाना दार उघडत नाही.

मधुभाईंनी शर्ट काढला. पँट काढायला लावली. केसांत बोटं घालून पाहिलं. चाळिशी उलटलेला माणूस चड्डीवर उभा, घाम गळतोय, आणि मितेश म्हणतो, "गिळला असशील."

माझ्या दुसऱ्या बाजूला बचुभाई बसत. जागेवरून भांडण होऊन मधुभाईंशी त्यांनी बोलणं टाकलं होतं. त्यांनी उठून आपला शर्ट काढला, झटकला आणि माझ्या कडेवर टाकला. मग तिसऱ्याने काढला, चौथ्याने काढला. शेजारच्या घंटीवरचे उठले, मग सगळं दालन. उघड्या अंगाने सगळे मितेशकडे बघत उभे राहिले. दारापाशीही माणसं होती. त्याला बाहेर जायला वाट नव्हती.

तो चिडला. "घ्या, बघा," म्हणत त्याने उजवी बाही खसकन खाली ओढली. त्या दुमडीतून काहीतरी निसटलं आणि माझ्या तबकडीवर टक्कन पडलं. तो हिराच होता.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आता हा मान खाली घालेल, असं मी समजले. त्याने हिरा उचलला आणि म्हणाला, "मिळाला ना? पंखे लावा. बसा कामाला."

कुणी बसलं नाही. बचुभाई म्हणाले, "मितेशभाई, तो शब्द परत घ्या."

"कुठला शब्द?" मितेशने विचारलं.

मधुभाईंनी कपडे चढवले, सगळी बटणं लावली, डबा उचलला आणि गेले. बाकीच्यांनी भांडण केलं नाही, संप केला नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळे नेहमीसारखे गावी गेले. सुट्टी संपली तेव्हा दालन उघडं होतं आणि घंट्यांपाशी कुणीच नव्हतं. मधुभाई आणि बचुभाई आता नागजीभाईंकडे एकाच घंटीवर बसतात, असं झाडणाऱ्या बाईंच्या बोलण्यातून कळलं. शेठने नवी यंत्रं आणली, नवी माणसं आणली आणि मला जिन्याखाली ढकललं. नवी माणसंही टिकत नाहीत, रोज नवे पाय जिना चढताना दिसतात.

मित्रांनो, मला तेल लावा, माझा गंज काढा, असं मी म्हणत नाही. माझं आयुष्य झालं. पण उद्या तुमच्या हाताखाली माणसं येतील. काही हरवलं तर पहिली बाही स्वतःची उलगडा. आणि त्या बाहीतून निघालं, तर ज्याला उघडं केलंत त्याच्यासमोर जाऊन चुकलो म्हणा. मितेश रोज या जिन्याने वर जातो. त्याच्या बाह्या अजून दुमडलेल्याच असतात.