सोडवलेला हात

जाऊबाई ड्युटीवरून परतल्या की अंगणात आधी त्यांचा गंध यायचा, मग त्या. स्पिरिटचा तो थंड, तीव्र गंध, त्यात वाटेवरच्या कडुनिंबाच्या मोहोराची कडवट गोडी मिसळलेली, आणि त्यामागून पांढऱ्या साडीच्या काठावर उतरतं ऊन घेऊन येणारी त्यांची उंच, संथ आकृती. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या घराला संध्याकाळ झाल्याचं त्या गंधावरूनच कळे. माझे सासरे नोकरीसाठी वर्ध्याकडून जबलपूरला आलेले; राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मध्य प्रदेशातून निघून पलीकडे गेला आणि ते अलीकडेच राहिले. त्यांच्या थोरल्या मुलाची बायको म्हणजे या जाऊबाई. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीत, त्या नर्स होत्या.

मी धाकटी सून म्हणून त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा मला पहिला धीर दिला तो त्यांच्या हाताने. बोलता बोलता समोरच्याचा हात हाती घ्यायची त्यांची रीतच होती. मग ती नवी जाऊ असो, शेजारची म्हातारी असो, की भावावरून वाद घालणारी भाजीवाली. पौषातल्या दुपारी गच्चीच्या फरशीत जशी मंद, मुरलेली ऊब असते तशी ऊब त्यांच्या तळव्यात होती, आणि शब्दांना जे जमत नाही ते त्या तळव्याला सहज जमे. त्यांची मुलगी मीनू तर त्या हाताला लोंबकळतच वाढत होती.

वैशाखातल्या एका दुपारी शहपुऱ्याच्या रस्त्यावर लग्नाचं वऱ्हाड नेणारी ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली. घरी आम्हाला कळलं ते इतकंच, की जखमी एकदमच आले, खाटा आणि माणसं दोन्ही कमी पडली, आणि जाऊबाईंना घरी यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. अंग साबणाने इतकं घासून आल्या होत्या की त्वचा लालसर दिसत होती. मी चहाचा कप पुढे केला. कप देताना माझी बोटं त्यांच्या मनगटाला लागली, आणि त्यांनी हात असा ओढून घेतला की कप फरशीवर फुटला. त्या तुकड्यांकडे पाहत राहिल्या. मग मलाच म्हणाल्या, चटका तर नाही बसला?

त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर येऊन बसला. देवापुढे उभ्या असोत, खिडकीशी बसलेल्या असोत, एक हात दुसऱ्यावर पहारेकऱ्यासारखा. कुणी स्पर्श केला की चेहऱ्यावरचा उजेड विझे. थोरल्या दिरांनी आपली खाट व्हरांड्यात नेली. फॅक्टरीत दिवसभर यंत्रांशी झुंजणारा तो माणूस बायकोच्या या भीतीपुढे अगदी निःशस्त्र झाला होता. मीनू आधी रडली, रुसली, आणि मग मुलं शिकतात तशी शिकली. बाजारात जाताना ती आईच्या पिशवीचा बंद धरी, आणि रस्ता ओलांडायचा झाला की माझा हात.

नवल हे, की दवाखान्यात काही बदललं नव्हतं. तिथे त्यांची बोटं पूर्वीइतकीच अचूक होती; सुई, टाके, पट्टी, सलाईन, कशातही कंप नाही. त्यांच्यासोबतच्या सिस्टर घरी आल्या तेव्हा कौतुकाने सांगून गेल्या की कॅज्युअल्टी तर दीदींच्याच जिवावर चालते. ते कौतुक सासूबाईंना मात्र बोचलं. "तिथं तर बरी राहाते म्हणतात," त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "मग घरीच काहून असं करून राहिली?"

थोरल्या दिरांनी नोकरी सोड म्हणून सुचवून पाहिलं. जाऊबाईंनी नकार दिला. तिथे हातांना काम असतं, घरी ते रिकामे असतात, आणि रिकामे झाले की त्यांचं काय करायचं ते कळत नाही, असं काहीसं त्या म्हणाल्या. भेडाघाटला दोन्हीकडच्या पांढऱ्या कड्यांमध्ये नर्मदा आक्रसून जाते, वरून स्थिर दिसते, आणि तिच्या खोलीचा थांग नावाड्यालाही नीट लागत नाही. मला त्यांच्याकडे पाहून ते पाणी आठवे. एका बाजूला दवाखाना, एका बाजूला घर, आणि मधे त्या. कुठल्याही काठाला टेकायला जागा नाही.

कार्तिकात सासूबाई आम्हा सगळ्यांना नर्मदेच्या ग्वारीघाटावर घेऊन गेल्या. सकाळ कोवळी होती, पाण्यावरून धुक्याचा विरविरीत पदर अजून सरकला नव्हता, फुलवाल्यांच्या टोपल्यांतून झेंडूचा ओला वास येत होता. मीनू दिव्याचा द्रोण पाण्यात सोडायला खालच्या पायरीवर उतरली आणि शेवाळावरून तिचा पाय सटकला. पाणी तिच्या कमरेला लागलं, मग छातीला. जाऊबाई तिच्यापासून एकाच पायरीच्या अंतरावर होत्या, मी बरीच वर. मीनूने आईकडे पाहिलं. मग आईला ओलांडून तिची नजर वर आली आणि तिने हात माझ्याकडे केला.

"काकू, हात दे ना."

मी कशी उतरले ते मला आठवत नाही. तिला ओढून वर घेतलं तेव्हा जाऊबाईंचे दोन्ही हात पुढे आलेले होते, अर्ध्या वाटेवर, आणि तिथेच थिजलेले. पोटच्या पोरीने बुडतानाही आपल्याला हाक मारली नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. आईला त्रास होऊ नये म्हणून तिने मारली नव्हती, हेही त्यांना कळलं असावं.

त्या तिथेच पायरीवर बसल्या. सासूबाई मीनूला पंच्याने पुसत होत्या, आणि जाऊबाई नदीकडे पाहत, कुणालाही उद्देशून नाही अशा सपाट स्वरात बोलू लागल्या. ट्रॉलीतल्या जखमींमध्ये एक बाई होती, त्यांच्याच वयाची. बोलत होती, शुद्धीत होती, म्हणून ती थांबू शकेल असं सगळ्यांना वाटलं.

"तिनं माझं मनगट धरलं होतं. म्हणे, दीदी, जाना मत. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाचं रक्त थांबत नव्हतं, डॉक्टर मला हाका मारून राहिले होते. मी तिची बोटं सोडवली. एकेक करून. मी परत आली तर ती..."

नावाड्याचं वल्हं पाण्यात पडलं, निघालं, पुन्हा पडलं.

"तिनं अजून सोडलं नाही, आई," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

सासूबाईंचा हात सुनेच्या खांद्याकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी आपल्या अंगावरची शाल काढली, आणि बोटांचा स्पर्श होऊ न देता, वारा फिरावा इतक्या अलगद, ती जाऊबाईंच्या खांद्यांवर घातली. परतताना टेम्पोत त्या एवढंच म्हणाल्या, की मनाचे डॉक्टर असतात ना, त्यांच्याकडे जाऊ. मी येते संग.

त्या डॉक्टर बाईंनी पुष्कळ ऐकून घेतलं. या दुखण्याला नाव आहे, ते सैनिकांना होतं तसं दवाखान्यातल्या माणसांनाही होतं, तुम्ही वेड्या नाही, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन जाऊबाई मला म्हणाल्या, "वेडी असती तर सुटली असती वं." पण त्या जात राहिल्या. पुष्कळ अर्ज-विनंत्यांनंतर कॅज्युअल्टीतून बदली मिळाली. थोरल्या दिरांची खाट एका हिवाळ्यात पुन्हा आत आली. मीनूने एकदा अंगणात आपणहून आईचा हात धरून पाहिला. जाऊबाईंचं सगळं अंग ताठरलं, पण हात त्यांनी तसाच राहू दिला. बरं झालं म्हणावं असं कधी झालं नाही. तुरुंग तोच राहिला, त्याला एक खिडकी पडली.

आता सासूबाई नाहीत. मीनू नागपूरला नोकरी करते, आईवडिलांना तिने तिकडे नेलं आहे. परवा जाऊबाईंचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि एकाएकी त्यांनी त्या पलीकडच्या खाटेवरच्या माणसाचा विषय काढला. तो वाचला होता. आपल्या पायांनी घरी गेला, जाताना त्याची बायको पेढे देऊन गेली. इतक्या वर्षांत हे त्या पहिल्यांदाच सांगत होत्या.

"पेढे आठवतात," त्या म्हणाल्या. "त्याचा चेहरा काही केल्या आठवत नाही वं."

जे वाचतात त्यांना दवाखान्यातून सुट्टी मिळते, आणि बहुधा मनातूनही. ज्यांना वाचवता आलं नाही ते मात्र तिथेच मुक्कामाला राहतात, वयाने न वाढता, आणि काळ त्यांच्या उशाशी बसून असतो, ज्याला उठून जाण्याची परवानगी कुणी दिलेलीच नाही अशा नातलगासारखा.