कूलरची खोली

मला जळकी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण मे महिन्यात, जळगावात, पंचेचाळीस डिग्रीत, घरातल्या एकुलत्या एका कूलरची खोली दोन मांजरींना दिली तर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील, सांगा बरं!

आणि मला विचारलंसुद्धा सगळं ठरल्यावर. माझी सून शिल्पा तशी चांगली आहे हो. बँकेत नोकरी करते, मला उलट शब्द बोलत नाही. पण एकदा मनावर घेतलं की घेतलं. "आई, पंधराच दिवसांचा प्रश्न आहे," म्हणाली. "नवीन मांजरींना आधी वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं. बट्टीला त्या नुसत्या जाळीतून दिसायला हव्यात. आणि जाळीचं दार आपल्याकडे त्याच खोलीला आहे."

ते दार मीच बसवून घेतलेलं, डासांसाठी. स्प्रिंगचं आहे. हात सोडला की फाटकन बंद होतं.

मांजरी नरडाण्याच्या एका बंद गोदामातल्या. आकिब नावाचा एक तरुण आणि त्याचे मित्र असली जनावरं सोडवून आणतात, औषधपाणी करतात आणि मग घर बघून देतात. घर बघायला तो स्वतः आला होता. खिडक्यांना गज आहेत का, दिवसभर घरी कोण असतं, कुत्रा कसा आहे, सगळं विचारलं. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या बापाने एवढं विचारलं नव्हतं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही असोद्याच्या नर्सबाई ना? लहानपणी मला कुत्रा चावला होता, इंजेक्शनं तुम्हीच दिली होती." मग शिल्पाला म्हणाला, "घरात सिस्टर आहेत म्हटल्यावर मला काही बघायचंच नाही."

तीस वर्षं नोकरी केली मी तिथल्या दवाखान्यात. विंचू, साप, कुत्रा, कोण काय चावलंय हे मी जखम बघून सांगायचे, आणि डॉक्टरही माझा शब्द खाली पडू देत नसत.

आता बट्टीचं सांगते. मी रिटायर झाले त्या वर्षी हे पिल्लू गटारीत सापडलं. गोल, तपकिरी, वरणात भिजलेल्या गव्हाच्या बट्टीसारखं. म्हणून बट्टी. माझ्या मुलाचे, राजदीपचे, पप्पा तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. राजदीप आणि शिल्पा नऊ वाजता बाहेर पडतात ते सातला येतात. मधले दहा तास मी आणि बट्टी. दुपारी कूलर लावायचा, मी खाटेवर बसायचं, आणि बट्टीने माझ्या डाव्या पायावर हनुवटी टेकून झोपायचं. पाय सुजतो माझा. पण मी हलवत नसे. सात वर्षं हे असं.

मांजरी आल्या. एक पांढरी, तिचं नाव शिल्पाने बर्फी ठेवलं. दुसरी काळी, एका डोळ्याने अधू. तिचं नाव राणी. राणी म्हणे! मग मी कोण, मोलकरीण?

सगळ्यांना धाक एकच, बट्टी त्यांना फाडून खाईल. आकिबने मोबाईलवर भली मोठी यादी पाठवली होती. कुत्र्याला मांजरींच्या वासाची सवय करा, मांजरींना कुत्र्याच्या. म्हणून बट्टी ज्यावर झोपायचा ते माझं जुनं सुती पातळ शिल्पाने उचललं आणि मांजरींखाली अंथरलं. माझं पातळ! कुत्रा गुरगुरला किंवा टक लावून बसला तर लगेच लांब न्यायचं, असंही यादीत होतं. मी काय करत होते माहीत आहे? वाट बघत होते. गुरगुर रे बट्ट्या, एकदा तरी गुरगुर.

कसला गुरगुरतो! पहिल्या दिवशी जाळीशी नाक लावून बसला. दुसऱ्या दिवशी शेपटी हलवायला लागला. चौथ्या दिवशी ती काणी आतून जाळीला पाठ लावून झोपली, आणि हा बाहेरून. दुपारी मी बाहेरच्या खोलीत, पंख्याच्या गरम वाऱ्याखाली, पाय पुढे करून बसलेली. "बट्टी, ये." कान हलवला फक्त.

मी मनाची समजूत घातली की जाळीतून कूलरची गार हवा येते, म्हणून बसतो बिचारा. मग एका दुपारी मी कूलरच बंद केला. घामाच्या धारा लागल्या मला, त्याची जीभ हातभर बाहेर आली, पण पठ्ठ्या जागचा हलला नाही. मला त्या उन्हात असं झोंबलं म्हणून सांगू! सात वर्षं ज्याच्यासाठी पाय हलवला नाही, तो एका काण्या मांजरीसाठी धापा टाकत बसलाय.

नवव्या दिवशी शिल्पाने जाळीचं दार उघडलं. काही झालं नाही. राणी त्याच्या पोटाशी जाऊन बसली आणि याने तिचं डोकं चाटलं. शिल्पाच्या डोळ्यांत पाणी. राजदीप फोटो काढतोय. मी म्हटलं, "छान झालं हो," आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक इतकी तिंबली की मनगट दुखायला लागलं.

गुरुवारी मी वरण-बट्टी केली. कोणी सांगितलं नव्हतं, सण नव्हता. त्याच्यासाठी केली. तुपात बुडवलेली एक बट्टी घेऊन बाहेर आले. या वासाने तो चार घरांवरून धावत येतो. आलाही. माझ्या हातातून हलकेच बट्टी उचलली, माझा जीव भरून आला. आणि हा वळला, ती तशीच तोंडात धरून, डोक्याने जाळीचं दार ढकलून आतल्या खोलीत गेला आणि राणीच्या पुढ्यात ठेवली.

ठेवली हो! आणि मागे सरकून बसला.

त्यानंतर मी काय केलं ते मी शहाणपणाने केलं असं म्हणणार नाही. कोपऱ्यातला झाडू घेतला. "निघ! निघ माझ्या खोलीतून! गिळायला बसली माझ्या हातचं!" राणी घाबरून दाराकडे पळाली. मी दार एका हाताने धरलं होतं, ती बाहेर पडतेय तोवर मी ते सोडलं. फाटकन. अशी किंचाळली की मांजर आहे की माणूस कळेना. शेपटीचं टोक दारात सापडलं होतं.

दार उघडेपर्यंत फरशीवर रक्त. ती बाहेरच्या खोलीतल्या पलंगाखाली शिरली. तिच्यामागे बट्टी शिरला आणि जखम चाटत बसला. मी पट्टीचा डबा काढला आणि तेवढ्यात फाटक वाजलं. शिल्पा त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून लवकर आली होती. तिने पाहिलं ते असं: राणीच्या शेपटीतून रक्त येतंय, आणि बट्टीच्या तोंडाला रक्त लागलंय.

"आई! बट्टी चावला?"

मी बट्टीच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हटलं, "हो."

एकच शब्द. पण शिल्पाला खरं वाटेना. "आपला बट्टी? नक्की?" तर मी वर म्हणाले, "दाताच्या खुणा आहेत. तीस वर्षं बघतेय मी." झालं. नर्सबाईंनी सांगितलं म्हटल्यावर पुढे कोण बोलणार? डॉक्टरकडे न्यायचं का विचारलं तिने. मी म्हटलं, "कशाला? मी आहे ना." पट्टी मात्र मी मन लावून बांधली.

शिल्पाने आकिबला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "दीदी, टेन्शन घेऊ नका. उद्या येऊन दोघींना घेऊन जातो." माझ्या मनात कूलर सुरू झाला, पातळ परत आलं, पायावर हनुवटी आली. आणि शिल्पा म्हणाली, "नको. त्यांचं काय चुकलं? त्या गोदामात एक डोळा गेला तिचा. आता परत पिंजऱ्यात नाही पाठवणार मी."

राजदीप आला. सगळं ऐकून भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "गल्लीतली सगळी पोरं आपल्या अंगणात खेळतात. सकीनाभाभींची नात तर याच्या पाठीवर बसते. आई, तूच सांगतेस ना जगाला, एकदा चावायला लागलेला कुत्रा पोरांत ठेवू नका म्हणून?"

सांगते. तीस वर्षं घसा फोडून सांगितलंय.

"पारोळ्याच्या गिरधरमामांना शेतावर कुत्रा हवाय राखणीला. रविवारी येतील घेऊन जायला." एवढं बोलून तो गच्चीवर गेला. रडायला गेला, मला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोलली? जीभ वळली नाही. सून समोर, मुलगा समोर. मांजरीवर जळले म्हणून सांगू? पासष्टाव्या वर्षी? वाटलं, शिल्पाचं मन पालटेल, मांजरी जातील. संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे वंदनेला बसलो. पंचशील म्हणताना चौथ्यावर आले, खोटं बोलणार नाही असं म्हणायचं असतं तिथे, आणि मला ठसका लागला. शिल्पाने पाणी आणून दिलं.

शुक्रवार-शनिवार बट्टी अंगणात निंबाच्या झाडाला साखळीने बांधलेला. जन्मात साखळी माहीत नाही त्याला. मी तासातासाने त्याच्या अंगावर पाणी टाकायचे. दर वेळी तो शेपटी हलवायचा. अरे, भुंक माझ्यावर! चाव मला! पण नाही, शेपटीच हलवायचा. आणि खोलीत राणी जाळीशी बसून बाहेर बघायची. तेव्हासुद्धा, खोटं नाही सांगत, मला तिचाच राग आला.

रविवारी सकाळी गिरधरभाऊ छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले. माझ्या माहेरचे आहेत, मला अक्का म्हणतात. बट्टीने त्यांचा हात चाटला. ते म्हणाले, "अक्का, हाऊ चावस? मना तं विश्वासच बसत नई. हाऊ तं गाय शे गाय!"

शिल्पाने त्याचं ताट गाडीत ठेवलं, तोंड फिरवलं. समोरच्या ओट्यावर सकीनाभाभी गहू निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. राजदीप साखळी ओढतोय आणि बट्टी चारही पाय रोवून बसलेला. ओढलं तर मानेला काचतंय. शेवटी राजदीप म्हणाला, "आई, तुझंच ऐकतो तो. तू सांग."

मी म्हटलं, "बट्टी, चढ."

आणि तो चढला. एका उडीत. वर उभा राहून माझ्याकडे बघायला लागला, चढलो बघ, आता तू पण ये.

माझं काळीज फाटलं हो. मी सांगितलं म्हणून सगळ्यांनी मानलं की तो चावला, आणि मी सांगितलं म्हणून तो स्वतःच गाडीत चढला.

"साखळी काढ," मी म्हटलं.

"आई?"

"काढ म्हणते ना! तो नाही चावला. दार मी सोडलं. राणीची शेपटी जाळीच्या दारात सापडली. झाडू घेऊन मीच मागे लागले होते तिच्या."

शिल्पा माझ्याकडे बघतच राहिली. "पण दाताच्या खुणा..."

"नव्हत्या. खोटं बोलले मी."

"का पण, आई?"

सकीनाभाभी ऐकत होत्या. गिरधरभाऊ ऐकत होते. शेजारच्या गच्चीवरही कोणीतरी होतं. ऐकू दे म्हटलं. "जळत होते मी. त्या मांजरीवर. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, मला हा एकटाच होता. तोही तिच्यापाशी जाऊन बसला. सहन झालं नाही मला. राग तिच्यावर काढला आणि नाव याचं घेतलं."

गिरधरभाऊंनी बट्टीला उचलून खाली घेतलं, गाडीचा फाळका लावला आणि म्हणाले, "चहा तं पाजशी ना, अक्का?"

बट्टी सुटला तो सरळ घरात. माझ्या बाजूने गेला, माझ्या पदराला घासून गेला, पण थांबला नाही. आत राणीपाशी.

दुपारी मी पट्टीचा डबा घेऊन खोलीत गेले. शिल्पाने माझ्या हातातून कापूस घेतला. रागाने नाही, हळूच घेतला. "राहू द्या, आई. पट्टी मी बदलते. तुम्ही नुसतं सांगा कशी बांधायची. आणि संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून येऊ." तीस वर्षांत माझ्या हातातून कोणी कापूस काढून घेतला नव्हता. मी सांगत गेले, ती बांधत गेली. जरा सैलच बांधली तिने, पण मी काही बोलले नाही.

मग ती म्हणाली, "इथेच बसा आता. बाहेर तापलंय." आणि कूलर लावून गेली.

मी खाटेवर बसले. खाली बट्टी आडवा पसरलेला, राणी त्याच्या पोटाशी, आणि बर्फी माझ्या जुन्या पातळावर. मी डावा पाय हळूच पुढे सरकवला, त्याच्या तोंडाजवळ. त्याने डोळे उघडले, पाय हुंगला, दोनदा शेपटी आपटली. हनुवटी काही उचलली नाही, ती राणीच्या पाठीवर होती. राणीने तिच्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाय तिथेच ठेवला.

अजून जळते का? जळते. खोटं कशाला बोलू, एकदा बोलले तेवढं पुरे.