तीन महिन्यांची झोप

मी प्रोस्टेट. दुर्गप्पाच्या लघवीच्या थैलीखाली, नळीला मिठी मारून बसलेली ग्रंथी. लाजायचं असेल त्यानं पान उलटावं. साठ वर्षं मी या माणसाच्या आत राबले, त्याला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

माझ्यात बारीक बारीक खोल्या आहेत. भिंतींना उंच, भरदार पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या. पांढरट रस गाळायचा, हे त्यांचं काम. तो रस वीर्यात मिसळायचा. दुर्गप्पाला दोन पोरी झाल्या, त्यात माझाही वाटा होता. कौतुक मात्र त्याच्या मिशीचं झालं.

या पेशींचा शिधा अंडांतून रक्तावाटे यायचा. डॉक्टर त्याला हार्मोन म्हणतात. तो आहे तोवर आमचा थाट.

आणि दुर्गप्पाचा धंदा काय, तर हावेरीच्या आसपास गावोगाव फिरून खोंड खच्ची करायचे. मोठा लोखंडी चिमटा. कातडीवर ओरखडा नाही, आतली शीर तेवढी मोडायची. महिना-दीड महिन्यात अंडं सुकतात, खोंड औताला गरीब होतो. असे हजारभर बैल त्याच्या हाताखालून गेले.

मग माझ्याच काही पेशी बिघडल्या. ओळ मोडून वाढत सुटल्या, एक-दोन हाडापर्यंत पोचल्या. मी त्यांना आवरू शकले नाही. दुर्गप्पाची लघवी तुंबली, तेव्हा त्याची बायको रत्नव्वा त्याला ओढतच शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. "काका, कॅन्सर आहे. त्याला हार्मोन मिळता कामा नये. एक तर अंडं काढू, नाहीतर दर तीन महिन्यांनी सुई. कायमची."

दुर्गप्पा ताडकन उठला. "मला खच्ची करताय?"

"बस खाली!" रत्नव्वा ओरडली. "हजार बैलांना विचारलं होतंस का कधी?"

त्यानं सुई घेतली.

शिधा बंद झाला. तो उपास मी कसा सांगू? उंच पेशी खचल्या, बसक्या झाल्या. कितीतरी पेशी आपल्या आपण चुरा होऊन गेल्या. खोल्या आकसल्या, रस आटला, मधल्या भिंती जाड झाल्या. तळाशी बसलेल्या बुटक्या पेशी तेवढ्या तगल्या. बिघडलेल्याही पुष्कळ मेल्या, उरलेल्या निजल्या. त्या मेलेल्या नव्हत्या, हे मला कळत होतं.

बाहेर दुर्गप्पाला वाफा यायच्या. घामानं निथळायचा, सदरा काढून ओट्यावर बसायचा.

"पाळी जाताना मला असंच व्हायचं, तेव्हा काय म्हणालेलास?" रत्नव्वा पंख्यानं वारा घालत म्हणायची. "नाटकं करतेस म्हणून. आता घे!"

तो कसनुसा हसायचा. पण लघवी मोकळी झाली होती, पाठीची कळ गेली होती.

तीन महिने भरले. रत्नव्वानं दशम्या बांधल्या, लुगडं बदललं. "चल, सुईचा दिवस आहे."

"कशाला? एकदा दाबलं की झालं," दुर्गप्पा म्हणाला. "माझा जन्म गेला यात. खच्ची केलेला बैल पुन्हा वळू झालेला बघितलायस तू?"

रत्नव्वानं आठवून पाहिलं. तिनं बघितला नव्हता. तिनं दशम्या सोडल्या आणि दोघांनी तिथंच बसून खाल्ल्या.

अरे बाबा, चिमट्यानं शीर मोडते! सुईनं अंडांना नुसती झोप लागते! मी आत आक्रोश केला. पण मला तोंड कुठंय?

पुढं महिन्या-दोन महिन्यांत शिधा परत आला. आधी थेंबथेंब, मग धार. तळच्या पेशींनी नव्या पेशी घातल्या, खोल्या फुगल्या, रस पाझरला. आणि त्या निजलेल्यांनी डोळे उघडले.

वाफा थांबल्या. दुर्गप्पाची मिशी पुन्हा पिळली गेली. एका रात्री त्यानं रत्नव्वाचा पदर ओढला. "जा मेल्या," ती म्हणाली, पण गेली नाही कुठं. सकाळी तिनं हुलिगेम्मा देवीला नारळ फोडला, नवरा बरा झाला म्हणून. तो बरा झाला नव्हता. ज्या जोरावर तो खूश होता, त्याच जोरावर त्या बिघडलेल्या पेशी वाढत होत्या.

आता त्याची कंबर धरलीय. "खोंडानं लाथ मारली असंल," तो म्हणतो. रत्नव्वा तिळाचं तेल कोमट करून चोळते. तिचा हात जिथं फिरतो, त्याच्या खालीच हाडात माझ्या पेशी आहेत. चार बोटांवर. तिला लागत नाहीत.

काल ती म्हणाली, "एकदा दाखवून येऊ या का?"

"कारहुणवी होऊ दे. बैलांचा सण टाकून कोण जातंय दवाखान्यात?"

"बरं," रत्नव्वा म्हणाली.

सणाला अजून सोळा दिवस आहेत. रत्नव्वा, तू त्याला एकदा ओढून नेलं होतंस. आताही त्याचं ऐकू नकोस गं. त्याला बैल कळतात, मी कळत नाही. मी त्याच्या आत बसून त्यालाच खातेय, आणि मला थांबता येत नाही.