शेठची परदेशी गाडी

खुशालला राग आला की त्याचा आवाजच बसायचा. मूल गावच्या बाजारात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तेही जंगलठेकेदार गुलाबशेठच्या जागेत. त्यामुळे गिळलेले राग त्याच्यापाशी बरेच साठले होते.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात शेठनं परदेशी गाडी आणली. तिच्या पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नव्हती, नुसत्या विजेच्या तारा. शेठच्या वेगाच्या हौसेखातर खुशालनं त्या तारांमध्ये एक डबी बसवली. आतली चिप चक्क खोटं बोलायची. पेडल पाव दाबलं, तर गाडीच्या कॉम्प्युटरला अर्धं दाबल्याचं सांगायची, आणि इंजिनात तेवढं पेट्रोल जास्त सुटायचं.

मग एका सकाळी जंगलनाक्यावर शेठचा ड्रायव्हर लटारू आडवा बांबू उचलायला उतरला. शेठ स्वतः स्टेअरिंगवर सरकला, पेडलला पाय लावला, आणि गाडीनं झेपच घेतली. लटारूचा पाय खांबाशी चिरडला. शेठ मात्र गावभर सांगत फिरला, की लटारूलाच अक्कल नव्हती. वर गाडीतून काढलेली डबी खुशालकडे पाठवून निरोप, ठेचलेली गाडी नीट होऊन येते आहे, डबी आणखी तेज कर.

अशा चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. तीव्र ऊन त्यातून आठवडाभर आत गेलं, की लिहिलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावतात. खुशालनं ती पट्टी ओरबाडून काढली आणि चिप घराच्या टिनाच्या छपरावर, वाळत्या कुरडयांशेजारी ठेवली.

"माह्या कुरोड्यांपाशी हे काय वाळू घातलं रे?" आईनं, अंजनाबाईनं विचारलं.

"शेठचा माज."

गाडी आली तशी खुशालनं तिच्या तारा मूळच्यासारख्या जोडून टाकल्या. संध्याकाळी शेठ न्यायला आला.

"काऊन रे, डबी बसवली ना?"

"नाई. चिप कोरी केली. गाडी कंपनीनं देल्ली तशी हाये."

"लटारूच्या नादी लागला काय? त्याचा पाय मधात आला, मी काय करू?"

"पाय मधात नाई आला, शेठ." आज आवाज बसला नाही, रस्त्यावरची माणसं थांबली. "तुमचा पाय पेडलवर आला. बाकीचं माह्या डबीनं केलं."

"दुकान कोनाच्या जागेत हाये, ठाऊक हाये ना?"

"हाये. म्हणून तर सकाळपासून सामान बांधून राह्यलो."

"नागपूरवरून दुसरा मिस्त्री आणीन."

"आणा. त्याले पयले लटारूचा पाय दाखवीन."

शेठनं दार आपटलं आणि पेडल तळापर्यंत दाबायची हौस माणसांच्या गर्दीत आवरती घेतली. पाय जेवढा टेकला, तेवढीच गाडी हलली. खुशालनं सामानाच्या पेटीची दोरी इतकी आवळली, की तळहातावर वळ उठला. राग अजून उतरला नव्हता.