पुढच्या डाव्या चाकातला आवाज

मी एक जुनं बेअरिंग आहे. मित्रांनो, गाडीचं चाक तुम्हाला दिसतं, पण ते ज्याच्यावर फिरतं तो मी कुणाला दिसत नाही. बांगडीएवढा माझा घेर आणि पोटात पोलादी गोळ्यांची एक रांग. न दिसता राबणारे जगात पुष्कळ असतात. तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, बघा शोधून.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथं मला तापवलं, घासलं, आरशासारखं गुळगुळीत केलं आणि तेलकट कागदात गुंडाळून कोल्हापूरला पाठवलं. फुलेवाडीत, गगनबावड्याच्या रस्त्याला लागून, कुतुबुद्दीन मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. त्यांनी मला तळहातावर घेतलं, अंगठ्यानं दाबून दाबून ग्रीस भरलं आणि बिस्मिल्ला म्हणून एका पांढऱ्या व्हॅनच्या पुढच्या डाव्या चाकात बसवलं.

या मिस्त्रींच्या कानाची ख्याती पंचक्रोशीत होती. आवाज ऐकायचा म्हटलं की ते डोळे मिटायचे, मान कलती करायचे आणि गाडी शेडमध्ये शिरायच्या आत तिचं दुखणं सांगून मोकळे व्हायचे. लोक म्हणायचे, डॉक्टर चुकेल पण मिस्त्री चुकायचे नाहीत.

व्हॅन होती तेजस्वीची. भोगावतीकाठच्या आपल्या गावातली आठ पोरं ती रोज शहरातल्या शाळेत सोडायची. पाच वर्षं मी तिच्या चाकात इमानेइतबारे फिरलो. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे सोसले, पोरांची भांडणं ऐकली, पाढेही पाठ केले. कौतुक कधी वाट्याला आलं नाही, पण कुरकुरही केली नाही.

मग आली खंडेनवमी. तेजस्वीचे सासरे आकाराम यांनी जन्मभर बैल सांभाळले. बैल गेले, गोठ्यात व्हॅन आली, पण हाताची सवय जाते थोडीच? सणाच्या सकाळी त्यांनी व्हॅन थेट नदीत घातली. निम्मी चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभी करून तासभर गवताच्या बोळ्यानं तिला चोळली, पाठीवर थोपटली, मग घरी आणून हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मायेनं केलेल्या चुकीवर रागवायचं तरी कसं? इकडं पाणी आणि बारीक वाळू माझ्या पोटात शिरली होती.

महिन्याभरात मला गंज चढला. गाडीनं वेग घेतला की माझ्या तोंडून आपोआप ‘हूंऽऽ’ असा आवाज निघू लागला. पोरांना त्याची भारी गंमत वाटली. तीही माझ्या सुरात सूर मिसळून हूं करायची आणि खिदळायची. मी कळवळत होतो आणि माझं गाणं झालं होतं.

तेजस्वीनं मात्र दुसऱ्याच दिवशी शेड गाठली. मिस्त्री शेजारी बसले, चक्कर झाली, डोळे मिटले, मान कलती झाली.

“टायर घासल्यात. फुडचं मागं टाकू,” ते म्हणाले.

टायर मागेपुढे केले. आवाज तसाच राहिला. मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. ज्या हातांनी मला बसवलं, त्याच माणसाला माझं ओरडणं कळू नये?

शनिवारी तेजस्वी पोरांना गगनबावड्यावरून घाट उतरून समुद्र दाखवायला नेणार होती. आठांतल्या सहांनी समुद्र पाहिला नव्हता. घाटात मी जाम झालो असतो, तर चाक निखळलं असतं आणि खाली दरी. हे मला ठाऊक होतं, पण सांगू कुणाला? शुक्रवारी सकाळी पोरांना शाळेत सोडून ती पुन्हा शेडसमोर उभी राहिली.

“चाचा, आवाज जाईना झालाय बघा. उद्या पोरं घिऊन घाट उतरायचा हाय.”

“चल, फिरवून आणू.”

बालिंग्याच्या दिशेनं व्हॅन निघाली. मिस्त्रींनी डोळे मिटले. मी जीव तोडून ओरडत होतो. वाटेत रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं तेजस्वीनं वेग अगदी कमी केला. मी गप्प झालो.

“आता येतोय का?” तिनं विचारलं.

“येतोय की. तसाच. टायरचाच हाय.”

 तेजस्वीनं व्हॅन एका झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

“चाचा, आता आवाज न्हवताच,” ती हळूच म्हणाली.

मिस्त्रींनी डोळे उघडले. ते आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडं बघू लागले.

“दोन वर्सं झाली, पोरी. हातोड्यानं कान खाल्लं. लोकं माझ्या कानासाठी येत्यात. त्योच गेला म्हणून सांगितलं, तर मला कोण इचारणार?”

“आणि उद्या घाटात काय झालं असतं?”

 मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेजस्वीनं पदराचं टोक खोचलं आणि पुन्हा चावी फिरवली.

“कान माझं घ्या, डोस्कं तुमचं लावा. काय ऐकायचं ते सांगा.”

वेग आला, मी सुरू झालो.

“गिअर काढून न्यूट्रल कर. आवाज बदलला?”

“न्हाय. तसाच.”

“म्हंजी इंजिन न्हवं, चाक हाय. रस्ता मोकळा बघून उजवीकडं घे.”

“वाढला, चाचा.”

“आता डावीकडं.”

“कमी झाला.”

“उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो,” मिस्त्री म्हणाले. “डावं चाक. फिरीव गाडी.”

शेडमध्ये जॅक लागला. एक हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी पुढचं डावं चाक फिरवलं. माझी खरखर स्प्रिंगमधून त्यांच्या बोटांत उतरली आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी मला कुणीतरी ओळखलं होतं. मला बाहेर काढलं, तेव्हा तांबूस पाणी आणि वाळू गळली.

“नदीत घातलीया व्हय ही?”

“आमच्या आकाराममामांनी. बैल धुतल्यागत धुतली,” तेजस्वी म्हणाली आणि दोघंही हसले.

माझ्या जागी नवं बेअरिंग बसलं. शनिवारी पोरं घाट उतरून, समुद्र पाहून सुखरूप घरी आली. मी शेडच्या फळीवर आहे. भंगारवाला आला की जाईन, त्याचं दुःख नाही. इथून मी रोज मिस्त्रींना बघतो. गिऱ्हाईक आलं की ते आधीच सांगतात, “पावणं, मला ऐकाय कमी येतंय. तुमी ऐका, मी इचारतो.” आणि गिऱ्हाइकं काही कमी झाली नाहीत.

मित्रांनो, जाता जाता एक विनवणी आहे. गाडीत कुठं नवा आवाज आला, तर त्याचं गाणं करू नका. मोठ्या माणसाला सांगा. त्याला तो ऐकू आला नाही, तर हसू नका, त्याच्या शेजारी बसा आणि पुन्हा सांगा.